पाणसळ

ट्रॉलर पाण्यात गेले की शापोऱ्याच्या काठावर
माझ्या हाताला फारसं काम नसतं.
तशात ती आली, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी,
फोंड्याहून, चढाला कण्हणारी मॅटाडोर घेऊन.
आत कॉट, ओटा, शेगडी, पडद्याची दोरी,
पत्र्याला चिकटवलेला जगाचा नकाशा,
ओल लागून ब्राझील फुगलेला.

"तळ बदलायचाय," हेमांगी कुंकळ्येकर म्हणाली.
"तळ होडीला असतो बाई," मी म्हटलं,
"गाडीला जमीन."
पण लिनोलियम उचललं
आणि शब्द मागे घेतला.

होडीत पाणी खालून येतं, ते लपत नाही.
इथे आलं होतं वरून, छताच्या झरोक्यातून,
एकेक थेंब, कितीतरी पावसाळे,
आणि प्लायच्या पदरांत गुपचूप बसून राहिलं होतं.
इनासने पटाशी घातली
तर भिजल्या पोळीसारखे पापुद्रे सुटत गेले.
खाली गंज. गंजात भोक.
"पात्रांव, सकयल माजर!"
खरंच, भोकाखाली आमचा बोका,
चिऱ्यावर बसून वर बघत.

फटींतून काय काय निघालं:
हिरवा खडू, कारवारच्या पंपाची पावती,
आणि मूठभर पांढरी वाळू,
आमच्याकडच्या कुठल्याच किनाऱ्याची नसलेली.
"बाबांनी भूगोल शिकवला अडतीस वर्षं," ती म्हणाली,
"मग तपासायला निघाले,
पुस्तकात लिहिलंय ते जागेवर आहे का."

शेगडीपुढे दोन खळगे होते.
चहा उकळेपर्यंत उमाकांतमास्तर तिथे उभे राहायचे.
डावा खळगा जास्त खोल.
"एवढा तुकडा ठेवता येईल?"
मी अंगठ्याने दाबून बघितलं.
अंगठा आत गेला.
ती गप्प. मग तिनेच सुपडी मागितली.

कुजका पत्रा कापला त्या संध्याकाळी
ती आत शिरली, चप्पल बाहेर काढून,
आणि चॅसीच्या पट्ट्या ओलांडत
शेगडीपासून स्टिअरिंगपर्यंत
थेट मातीवरून चालत गेली.
गाडीत होती आणि जमिनीवरही.
झगा घालावा तशी तिने मॅटाडोर घातली होती.
इनास हसला. मी त्याला चहा आणायला पिटाळलं.

पुढचं काम माझ्या ओळखीचं.
गंज खरवडला, नवा पत्रा जोडला, प्रायमर दोनदा,
वर मरीन प्लाय, ट्रॉलरला घालतो तोच,
कडांना काजूच्या टरफलांचं तेल.
बाप म्हणायचा, हाताची कातडी जाईल,
लाकूड राहील.
चाकांच्या कमानींचा नमुना कापायला पुठ्ठा नव्हता.
तिने नकाशा उतरवून दिला.
"असू दे. तपासून झालाय."
उजव्या चाकाला ऑस्ट्रेलिया गेला.

सातव्या दिवशी पाणसळ ठेवली.
बुडबुडा हलला, थबकला,
बरोबर दोन रेघांच्या मध्ये.
होडीवर असलं सुख मिळत नाही,
पाणी कुणाला सरळ उभं राहू देतं?

ती शेगडीपुढे उभी राहिली.
इकडे सरकली, तिकडे सरकली.
"पायांना जागा सापडत नाही."
"सांगा त्यांना, पंधरा दिवस लागतील."

मग जरा लाजत,
"पूर्वी इथे कुरकुरायचं. रात्री बाबा उठले की कळायचं.
एखादा स्क्रू सैल ठेवाल?"

चाळीस वर्षांत मी स्क्रू सैल ठेवला नाही.
ठेवला नाही म्हणूनच सांगू शकलो,
"कुरकुर मुद्दाम घालता येत नाही.
रस्त्याला लागा.
अनमोड घाट चढेपर्यंत येईल आपोआप.
तुमची वेगळी येईल."

चारशे रुपये द्यायचे राहिलेत तिचे.
गाडी वळली तेव्हा बोका
तिच्या रिकाम्या चौकोनात जाऊन बसला,
जिथे सात दिवसांत गवत
थोडं पिवळं पडलं होतं.